बेल्टवर बॅग आली नाही तर: विमानतळाच्या काउंटरपासून ग्राहक आयोगापर्यंत

नागपूरला, सोनेगावच्या विमानतळावर सामानाचा बेल्ट थांबला तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. आमची एक बॅग ट्रॉलीवर होती, दुसरी आलीच नव्हती. त्या दुसऱ्या बॅगेत भाचीच्या लग्नातल्या आहेराच्या पाच साड्या होत्या, माझी नेसायची साडी होती, ह्यांचा कुर्ता होता आणि माझ्या रक्तदाबाच्या गोळ्याही होत्या. लग्न परवावर आलेलं. मुलाकडून, बंगळुरूहून, मुंबईमार्गे येत होतो आणि मुंबईत दोन विमानांमध्ये जेमतेम ५० मिनिटं होती. काउंटरवरचा मुलगा अगदी नम्रपणे म्हणाला, “मॅडम, कल सुबह की फ्लाइट से आ जाएगा. आप घर जाइए, हम फोन कर देंगे.” हे तर ट्रॉली वळवायलाही लागले. पण बँकेत ग्राहकांच्या तक्रारींचं टेबल मी बरीच वर्षं सांभाळलं आहे. ज्या तक्रारीला नंबर पडलेला नाही ती पुढे कुणालाच सापडत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. लेखी नोंद हातात पडेपर्यंत मी तिथून हलले नाही. बॅग चौथ्या दिवशी आली, तोवर पाठवणीही होऊन गेली होती.

तेव्हापासून ओळखीतल्या, नात्यातल्या बऱ्याच जणांनी “आमचीही राहिली हो, आता काय करायचं?” असं विचारलं आहे. प्रत्येकाला फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवते. बॅग उशिरा येणं ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. विमानतळांची संगणक यंत्रणा पुरवणाऱ्या सिटा या संस्थेच्या अहवालाप्रमाणे २०२४ मध्ये जगभरात दर हजार प्रवाशांमागे ६.३ बॅगांची गडबड झाली. त्यातल्या बहुतेक बॅगा हरवलेल्या नव्हत्या, नुसत्या उशिरा पोचल्या. सगळ्यात जास्त गडबड होते ती मधे विमान बदलताना. नागपूरहून निघणाऱ्यांना मुंबई, दिल्ली किंवा हैदराबादला विमान बदलावं लागणं नेहमीचं, त्यामुळे हा प्रश्न आपला आहे.

विमानतळाच्या बाहेर पडण्याआधी

आधी बेल्टजवळ नीट बघून घ्या. मोठं किंवा वेड्यावाकड्या आकाराचं सामान बऱ्याचदा बेल्टवर न सोडता बाजूला आणून ठेवतात. तुमच्यासारखीच काळी बॅग बेल्टवर एकटीच फिरत असेल तर तिचा टॅग वाचा. कुणीतरी चुकून तुमची उचलून नेली असण्याची शक्यता असते, आणि ही गोष्ट काउंटरवर लगेच सांगितली तर तो प्रवासी पार्किंगमध्येही सापडू शकतो. विमान उतरल्यापासून साधारण ३० मिनिटांत शेवटची बॅग यायला हवी, असं नागरी विमान सुरक्षा ब्यूरोने २०२४ च्या फेब्रुवारीत सात विमान कंपन्यांना बजावलं होतं. तेव्हा अर्धा तास झाला, बेल्ट थांबला आणि बॅग नाही, की आणखी ताटकळू नका. थेट तुमच्या कंपनीच्या सामान काउंटरवर जा.

तिथे एकच मागायचं: पीआयआर. म्हणजे प्रॉपर्टी इरेग्युलॅरिटी रिपोर्ट, सामानाच्या गडबडीची नोंद. तिला एक संदर्भ क्रमांक मिळतो. बहुतेक कंपन्यांच्या यंत्रणेत तो दहा अक्षरांचा असतो: आधी विमानतळाची तीन अक्षरं (नागपूरची एन-ए-जी), मग कंपनीची दोन, मग पाच आकडे. हा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला की शोध कुठवर आला ते घरबसल्या दिसतं. कधी छापील प्रत देतात, कधी नुसता मेसेज येतो. काहीही आलं तरी तिथेच उभं राहून त्यातला प्रत्येक शब्द वाचा. नाव, मोबाइल, पत्ता, टॅगचा क्रमांक. आमच्या नोंदीत घराच्या पत्त्याऐवजी नुसतं ‘नागपूर’ लिहिलेलं होतं. ते दुरुस्त करून घेतलं नसतं तर बॅग आणणारा माणूस शोधत कुठे फिरला असता?

टॅगचा क्रमांक म्हणजे चेक-इनच्या वेळी बोर्डिंग पासच्या मागे चिकटवतात त्या लहान पट्टीवरचे दहा आकडे. ही पट्टी आपण घरी आल्यावर फेकून देतो. फेकू नका. बॅग कुठे स्कॅन झाली, विमानात चढली की मागेच राहिली, हे सगळं त्या क्रमांकावरून कळतं. हवाई कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना आयाटा हिचा ७५३ क्रमांकाचा ठराव जून २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार सदस्य कंपनीने चार ठिकाणी बॅगेची नोंद ठेवायची असते: प्रवाशाकडून घेताना, विमानात चढवताना, दुसऱ्या विमानासाठी सोपवताना आणि प्रवाशाला परत देताना. म्हणून “बॅग शेवटची कुठे स्कॅन झाली?” असं काउंटरवर थेट विचारा. मी विचारलं तेव्हा पाच मिनिटांत उत्तर आलं की बॅग मुंबईतच आहे. निदान जीव भांड्यात पडला.

बॅगेचं वर्णन करताना ‘काळी ट्रॉली बॅग’ एवढ्यावर थांबू नका. कंपनी, आकार, चाकं किती, हँडलला बांधलेली लाल नाडी, आत सगळ्यात वर काय ठेवलंय, हे सांगा. टॅग फाटून गेला असेल तर बॅग उघडून आतल्या वस्तूंवरूनच ओळख पटवतात.

परदेशातून येत असाल तर आणखी एक गोष्ट आहे, आणि ती फार थोड्यांना माहीत असते. मुंबई किंवा दिल्लीमार्गे येणाऱ्यांना साधारणपणे तिथेच सामान घेऊन कस्टम्स पार करावं लागतं आणि मग नागपूरच्या विमानासाठी पुन्हा जमा करावं लागतं. म्हणजे बॅग मुंबईत दिसली नाही, तर तक्रार मुंबईतच करायची, नागपूरला येऊन करू म्हणून पुढे निघायचं नाही. आखातातून थेट नागपुरात उतरलात तर कस्टम्स इथेच. दोन्हीकडे विमान कंपनीकडून सामान राहिल्याचं प्रमाणपत्र घ्या आणि त्यावर कस्टम्स अधिकाऱ्याची सही घ्या. करमुक्त सवलतीतला किती भाग अजून वापरलेला नाही, हे त्यावर लिहून घ्यायचं असतं. बॅग मागाहून एकटी येते तेव्हा त्या कागदामुळे ती सवलत शाबूत राहते.

ती रात्र आणि पुढचे दोन दिवस: खरेदी कशी करायची

इथेच बहुतेकांचा दावा फसतो. कुणी रागाच्या भरात वारेमाप खरेदी करतं, तर कुणी संकोचाने काहीच घेत नाही. कायदा तुमच्या त्रासाचे ठरावीक पैसे देत नाही. उशिरामुळे तुमचं प्रत्यक्ष जे नुकसान झालं, म्हणजे जो खर्च एरवी करावा लागला नसता, तो मागता येतो. मग खर्च गरजेचा होता, बेताचा होता आणि त्याचं बिल आहे, या तिन्ही गोष्टी दिसायला हव्यात.

पहिल्याच रात्री काउंटरवर किंवा ईमेलवर लेखी विचारा: “तातडीच्या वस्तूंसाठी तुम्ही किती रकमेपर्यंत खर्च मान्य करता?” काही कंपन्या लगेच आकडा सांगतात, काही थोडे पैसे हातात ठेवतात, काही उत्तरच देत नाहीत. उत्तर आलं नाही तरी विचारल्याची नोंद राहते, आणि पुढे तीच उपयोगाला येते.

परगावी असाल तर दात घासायच्या ब्रशपासून सुरुवात करा: दोन दिवसांचे कपडे, अंतर्वस्त्रं, औषधं. थंडीच्या देशात उतरला असाल तर जाकीट ही चैन नाही. आमच्या कॉलनीतला मुलगा जानेवारीत शिकायला जर्मनीला गेला, त्याची बॅग नवव्या दिवशी मिळाली. त्याने पहिल्याच दिवशी एक जाड जाकीट, बूट आणि हातमोजे घेतले, सगळं कार्डाने, सगळ्याची बिलं. त्यातलं एकही बिल कंपनीने नाकारलं नाही. मात्र सहाव्या दिवशी घेतलेल्या दुसऱ्या जाकिटावर आक्षेप आला, आणि खरं सांगायचं तर तो मलाही पटला.

स्वतःच्या गावी परतताना बॅग राहिली तर कंपनी म्हणते, “तुमच्या घरी कपडे आहेत की!” आम्हाला नेमकं हेच ऐकावं लागलं. वरवर पाहता ते बरोबर आहे, घरी साड्या होत्याच. पण आहेराच्या साड्या घरी नव्हत्या, आणि लग्न पुढे ढकलता येत नाही. घर आहे म्हणजे नुकसान नाही, असं कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. नुकसान दाखवण्याची जबाबदारी तेवढी आपल्यावर. म्हणून लग्नपत्रिकेचा फोटो मी पहिल्याच ईमेलला जोडला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी इतवारीच्या बाजारात गेलो. पाच साड्या ९,५०० रुपयांना घेतल्या. माझी साडी आणि तयार ब्लाउज मिळून ३,९०० झाले, ह्यांचा कुर्ता १,६५० चा. गोळ्या आणि किरकोळ सामान ४८०, ऑटोचे ६२०. एकूण १६,१५० रुपये. इतवारीत पक्कं बिल मागितलं की दुकानदार जीएसटीची आठवण करून देतो, तरी मागा. बिलावर तारीख, वेळ आणि वस्तूचं नाव हवं. ‘कापड – ९,५००’ असं मोघम बिल कामाचं नाही. रोखीऐवजी कार्ड किंवा यूपीआयने पैसे द्या, म्हणजे बँकेचा उतारा हा दुसरा पुरावा होतो. थर्मल कागदावरची अक्षरं नागपूरच्या उन्हाळ्यात महिन्याभरात उडून जातात, तेव्हा बिल मिळाल्या मिळाल्या त्याचा फोटो काढून ठेवा.

तुमच्या बॅगेला कोणता कायदा लागू होतो?

हा भाग जरा शांतपणे वाचा, कारण वीस हजार आणि पावणेदोन लाख यांतला फरक इथे ठरतो.

देशांतर्गत प्रवासात बॅग हरवली, फाटली किंवा उशिरा आली तर विमान कंपनीची जबाबदारी दर प्रवाशामागे जास्तीत जास्त २०,००० रुपये. नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या २०१९ च्या प्रवासी सनदेतही हाच आकडा आहे. आंतरराष्ट्रीय प्रवासाला १९९९ चा मॉन्ट्रियल करार लागू होतो. भारतात तो २००९ पासून अमलात आहे आणि १९७२ च्या हवाई वाहतूक कायद्याचा भाग आहे. त्याखाली सामानासाठीची मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून १,५१९ एसडीआर झाली. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक आहे. डॉलर, युरो, युआन, येन आणि पौंड यांच्या भावांवरून त्याचा दर रोज ठरतो. रुपयांत ही मर्यादा ढोबळमानाने पावणेदोन लाखांच्या आसपास जाते.

दोन्ही आकडे कमाल मर्यादा आहेत. बॅग उशिरा आली म्हणजे वीस हजार मिळाले, असं होत नाही. मर्यादेच्या आत जेवढं नुकसान सिद्ध कराल तेवढंच. आणि मर्यादा दर प्रवाशामागे असते, दर बॅगेमागे नाही. एकाच माणसाच्या नावावर तीन बॅगा टाकल्या तर तिन्हींना मिळून एकच मर्यादा लागते. म्हणून कुटुंबाने जाताना प्रत्येकाच्या नावावर एकेक टॅग घ्यावा.

आता मुद्द्याची गोष्ट. नागपूर–मुंबई–फ्रँकफर्ट असा प्रवास एकाच तिकिटावर असेल, तर त्यातला नागपूर–मुंबई हा तुकडासुद्धा आंतरराष्ट्रीय प्रवासाचाच भाग धरला जातो. बॅग नागपूर-मुंबईच्या दरम्यान राहिली म्हणून कुणी वीस हजारांची मर्यादा सांगू लागलं तर मान्य करू नका. पण चार पैसे वाचवायला नागपूर–मुंबईचं तिकीट वेगळं काढलं असेल, तर ते वेगळं देशांतर्गत कंत्राट झालं आणि मर्यादा २०,००० वर आली. शिवाय अशा वेळी बॅग पुढच्या विमानाला आपोआप जातही नाही, मुंबईत तुम्हालाच घेऊन पुन्हा टाकावी लागते. परदेशी जाणाऱ्या मुलांना मी हेच सांगते की दोन-तीन हजारांसाठी तिकीट तोडू नका.

एका तिकिटावर दोन-तीन कंपन्या असतील तर तक्रार कुणाकडे? ज्या कंपनीने शेवटच्या विमानतळावर उतरवलं तिच्याकडे नोंद करायची हा रिवाज. दावा मात्र पहिल्या कंपनीवर, शेवटच्या कंपनीवर किंवा जिच्या ताब्यात गडबड झाली तिच्यावर करता येतो. “आमचा काही संबंध नाही, त्यांना विचारा” हे उत्तर शेवटच्या कंपनीला देता येत नाही.

कंपनीला सुटकेची एक वाट आहे. उशीर टाळण्यासाठी जे करणं शक्य होतं ते सगळं आम्ही केलं, हे तिने सिद्ध केलं तर ती जबाबदारीतून सुटते. दिल्लीचं धुकं हे कारण ऐकायला मिळेल. मे महिन्यात आणखी एक ऐकाल, की विमानाचं वजन कमी करावं लागलं. त्यात तथ्य असू शकतं. तापलेली हवा विरळ होते, पंखांना मिळणारी उचल आणि इंजिनाचा जोर घटतो, त्यामुळे काही वेळा सामान उतरवून पुढच्या विमानाने पाठवतात. पण एका विमानाने राहिलेली बॅग चार दिवस का येत नाही, याचं उत्तर हवेच्या तापमानात नसतं. तुमचा प्रश्न तिथून पुढच्या दिरंगाईचा असला पाहिजे. सिद्ध करायचं ओझं कंपनीवर आहे, तुमच्यावर नाही.

बॅग घरी येते तेव्हा

बॅग घेऊन येणारा माणूस घाईत असतो. तरी सही करण्याआधी दारातच बॅग उघडा. कुलूप, चेन, आतलं सामान बघा. घरी वजनकाटा असेल तर वजन करा. चेक-इनच्या वेळचं वजन टॅगवर किंवा पावतीवर असतं, त्यात दोन किलोंचा फरक निघाला तर त्याहून चांगला पुरावा दुसरा नाही. काही गडबड दिसली तर त्याच्या कागदावर तसं लिहूनच सही करा आणि फोटो घ्या. काही न लिहिता घेतलेली बॅग सुस्थितीत मिळाली असं कायदा गृहीत धरतो.

इथून मुदती सुरू होतात, आणि मॉन्ट्रियल कराराखाली त्या काटेकोर आहेत. वस्तू मोडली, फाटली असेल तर मिळाल्यापासून ७ दिवसांत लेखी तक्रार. नुसता उशीर झाला असेल तर बॅग तुमच्या ताब्यात आल्यापासून २१ दिवसांत. मुदतीत लेखी गेलं नाही तर दावा संपला. विमानतळावरच्या पीआयआरलाच तक्रार समजून अनेक जण गप्प बसतात. ते पुरेसं धरू नका, वेगळा ईमेल कराच. आणि बॅग यायला हवी होती त्या तारखेपासून २१ दिवस उलटूनही आली नाही, तर ती हरवली असं धरून पूर्ण नुकसानीचा दावा करता येतो. देशांतर्गत प्रवासात कंपन्यांच्या स्वतःच्या अटी याहून कडक असू शकतात, म्हणून तिथे बॅग आल्याच्या आठवड्याच्या आतच सगळं पाठवून मोकळे व्हा.

पत्र लांबलचक नको. मी लिहिलं ते साधारण असं होतं:

“महोदय, अमुक तारखेला अमुक क्रमांकाच्या विमानाने मी बंगळुरूहून मुंबईमार्गे नागपूरला आले. पीएनआर अमुक, टॅग क्रमांक अमुक. एक बॅग त्या दिवशी मिळाली नाही. नागपूर विमानतळावर अमुक क्रमांकाची नोंद केली. बॅग अमुक तारखेला, म्हणजे चौथ्या दिवशी मिळाली. मधल्या काळात घरातल्या लग्नासाठी सोबतच्या यादीतल्या वस्तू घ्याव्या लागल्या. एकूण खर्च १६,१५० रुपये. बिलं, बँकेचा उतारा, लग्नपत्रिका, बोर्डिंग पास आणि टॅगची प्रत जोडली आहे. ही रक्कम ३० दिवसांत माझ्या खात्यात जमा करावी. कोणतीही अंशतः रक्कम मी उर्वरित हक्क राखून स्वीकारीन.”

शेवटचं वाक्य वगळू नका. त्यात रागाचा एक शब्द नाही, हेही बघा. टेबलाच्या पलीकडे बसून मी हजारो तक्रारी वाचल्या आहेत. पहिल्या चार ओळींत तारीख, क्रमांक आणि रक्कम असलेली तक्रार आधी हातात घेतली जाते.

मिळालेली रक्कम न्याय्य होती का?

कंपनीने आधी १,५०० रुपयांचं व्हाउचर देऊ केलं, तिच्याच पुढच्या प्रवासासाठी. सोबत ‘पूर्ण व अंतिम तडजोड’ असा मजकूर होता, खाली सहीची जागा. मी सही केली नाही. तुम्हीही अशी सही विचार केल्याशिवाय करू नका, कारण तिथे दावा मिटतो. नंतर माझं प्रकरण त्यांच्या नोडल अधिकाऱ्याकडे, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे गेलं. त्यांचं म्हणणं, नवीन साड्या तुमच्याकडेच राहिल्या ना, मग पूर्ण किंमत कशी देणार? कपड्यांची निम्मी किंमत ७,५२५ आणि औषधांचे ४८० मिळून ८,००५ रुपये त्यांनी दिले. ऑटोचे ६२० दिले नाहीत.

यावर मी बरेच दिवस विचार केला. आहेरासाठी घेतलेल्या साड्या दिल्या गेल्या, पण बॅगेतल्या पाच साड्या परत आल्या आणि कपाटात आहेत. पुढच्या लग्नकार्यात त्या कामी येतील. म्हणजे ९,५०० रुपये बुडाले असं मी प्रामाणिकपणे म्हणू शकत नाही. निम्मं देणं मला वाजवी वाटलं. ऑटोचे पैसे नाकारणं मात्र चूक होतं. बॅग राहिली नसती तर मी त्या सकाळी इतवारीला गेलेच नसते.

पण रकमेपलीकडे एक अन्याय आहे, आणि तो मोठा आहे. आंतरराष्ट्रीय मर्यादेचा महागाई पाहून दर पाच वर्षांनी आढावा घ्यायचा, अशी तरतूद त्या करारातच आहे. म्हणून ती १,००० एसडीआरवरून १,१३१, मग १,२८८ आणि आता १,५१९ पर्यंत आली. आपल्या देशांतर्गत वीस हजारांना अशी शिडीच नाही. लग्नाला निघालेल्या बाईच्या बॅगेत एक बऱ्यापैकी पैठणी असली तर वीस हजार तिथेच संपतात. ती बॅग कायमची हरवली तर बाकीचं सगळं नुकसान तिच्या माथी. तीच बाई, तीच बॅग, पण पुढे दुबईचं तिकीट जोडलेलं असलं तर मर्यादा आठ-नऊ पट. नागपूर-मुंबई प्रवासात सामानाची किंमत कमी होते का? ही मर्यादा वाढली पाहिजे आणि महागाईशी जोडली गेली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

दुसऱ्या बाजूलाही एक गोष्ट कबूल करायला हवी. मनस्तापाचे म्हणून लाखभर मागणारे दावे मी पाहिले आहेत. मॉन्ट्रियल करार दंडात्मक भरपाई देऊच देत नाही. फुगवलेला आकडा पाहिला की खऱ्या खर्चावरचाही विश्वास उडतो.

ऐकलं नाही तर पुढची पायरी

तीस दिवसांत समाधान झालं नाही तर आधी कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे आणि मग तिच्याच अपील अधिकाऱ्याकडे जा. दोघांचे पत्ते कंपनीच्या संकेतस्थळावर असतात. सोबत मंत्रालयाच्या एअरसेवा या पोर्टलवर तक्रार टाका. माझा अनुभव असा की एअरसेवाचा क्रमांक पडल्यावर उत्तरं भराभर येऊ लागली. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांकही आहे, तिथे मराठीतून बोलता येतं.

प्रवास विमा घेतला असेल तर त्याच्या अटी लगेच उघडा. सामानाच्या उशिराचं संरक्षण बहुधा ठरावीक तास उलटल्यावर, अनेकदा १२ तासांनंतर सुरू होतं. मायदेशी परततानाचा उशीर काही पॉलिसींत वगळलेला असतो. पीआयआर आणि बॅग कधी मिळाली याचं कंपनीचं पत्र, हे दोन कागद विमावाले मागतातच.

याही पुढे ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने एक मोठी सोय केली आहे: तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. कंपनीचं मुख्य कार्यालय गुरुग्रामला असो की मुंबईला, नागपूरकराची तक्रार नागपूरच्या आयोगात चालते. मोजलेली किंमत, म्हणजे इथे तिकिटाचे पैसे, ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या तक्रार दाखल होते. मुदत २ वर्षांची. आंतरराष्ट्रीय प्रवासातही हीच दोन वर्षं. तिथे दावा कुठे चालेल यावर कंपनी वाद घालू शकते. पण जाण्या-येण्याचं तिकीट नागपूरहून नागपूरला असेल तर करारानुसार अंतिम ठिकाण नागपूरच ठरतं, हा मुद्दा हाताशी ठेवा. आयोगाचा निकाल मान्य नसेल तर ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येतं.

आयोगात जायचं की नाही, हे रक्कम आणि आपली उमेद पाहून ठरवावं. ६२० रुपयांच्या ऑटोसाठी मी गेले नाही. बॅग कायमची हरवली असती तर नक्की गेले असते.

पुढच्या वेळी निघताना

दागिने, रोख, कागदपत्रं, लॅपटॉप, औषधं चेक-इन बॅगेत ठेवू नका. कंपन्या अशा वस्तूंची जबाबदारी आपल्या अटींत नाकारतात, आणि भांडायचा मुद्दा असला तरी सोनं बॅगेत होतं हे सिद्ध कसं करणार? देशांतर्गत प्रवासात केबिन बॅगेला साधारण ७ किलो मिळतात. त्यात एक नेसायचा जोड बसतो. मौल्यवान वस्तू टाकावीच लागली तर चेक-इनच्या वेळी किमतीची विशेष घोषणा करून जादा शुल्क भरता येतं का, ते विचारा. घोषणा स्वीकारली गेली तर मर्यादा त्या किमतीपर्यंत वाढते.

दिवाळीचा फराळ, संत्री, सावजी मसाला पोरांना न्यायचाच असतो, मीही नेते. पण टिकणारा फराळ मोठ्या बॅगेत आणि नासणारं काहीच नाही. चार दिवस गोदामात पडलेल्या बॅगेत संत्री फुटली तर त्याची भरपाई मिळत नाही आणि साड्यांवर पडलेला डागही जात नाही.

निघण्याआधी उघड्या बॅगेचा एक फोटो, बंद बॅगेचा एक. आत कागदावर नाव आणि फोन. बाहेर जुन्या प्रवासाचे टॅग असतील तर सगळे काढून टाका, स्कॅनर त्यांनी गोंधळतो. मधे विमान बदलायचं असेल तर दोन तासांहून कमी वेळाचं तिकीट मी आता घेत नाही. ह्यांच्या आणि माझ्या कपड्यांची दोन्ही बॅगांत अर्धी-अर्धी वाटणी करते, म्हणजे एक राहिली तरी दोघांचं निभतं. आणि काउंटरवरच्या मुलीने टॅग बांधला की बॅग आत सरकण्याआधी त्यावरची तीन अक्षरं वाचून घेते: घरी परतताना ती एन-ए-जी हवीत.